जुन्या संगणकाची नवी वही

व्यापारी घराण्यांत वही बदलण्याची एक रीत असते. जुन्या वहीतील बाक्या काढून नव्या वहीत ओढल्या जातात, ताळा जुळतो की नाही ते पाहिले जाते आणि मगच जुनी वही कापडात बांधून माळ्यावर जाते. हिशेब संगणकावर आले, आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजले जाऊ लागले, तरी ही शिस्त अंगात मुरलेली असते. पण ज्या संगणकावर हे सारे चालते तोच बदलण्याची वेळ आली, की हाच शिस्तीचा व्यापारी गांगरून जातो. विक्रेता सांगेल ते यंत्र घेतले जाते, कुणी ओळखीचा मुलगा येऊन जुन्यातले नव्यात घालून देतो, आणि काय आले, काय मागे राहिले याची याद कुणाजवळच नसते.

सांगलीच्या बाजारपेठेतील हळदीच्या एका अडत पेढीवर २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास ही वेळ आली. पेढीचे थोरले मालक सत्तरीकडे झुकलेले. घरात आणि पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणतात. रोजचा व्यवहार त्यांनी मुलाकडे सोपवला आहे आणि पक्के हिशेब दिवाणजींच्या नव्या संगणकावर असतात. अण्णांच्या टेबलावरचा संगणक मात्र २०१४ सालचा, चार जीबी मेमरीचा. शेतकऱ्यांना आणि परगावच्या खरेदीदारांना जाणारी पत्रे, भावाचे तक्ते, बँकेची कामे, नातवंडांची छायाचित्रे, रेल्वेची तिकिटे, असा त्यावरचा पसारा. बटण दाबून चहा घेऊन यावे, तरी पडदा पुरता जागा झालेला नसे.

त्या संगणकावर विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. नोंदणी करून आणखी एक वर्ष दुरुस्त्या घेण्याची सोय होती, पण ती मुदतवाढच होती. पुढची विंडोज ११ या यंत्रावर रीतसर बसणारी नव्हती, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विक्रेत्याने नव्या संगणकाचे दरपत्रक पाठवले. अण्णांनी ते वाचून बाजूला ठेवले. "काटा बरोबर तोलतो आहे, मग तो भंगारात का घालायचा?" एवढेच ते म्हणाले.

पेढीच्या कार्यालयाचे काम पाहणारी त्यांची सून वाणिज्य शाखेची पदवीधर, संगणकतज्ज्ञ नव्हे. तिने सुचवले, "अण्णा, एकदा लिनक्स पाहू या का? पटले नाही तर जुने आहे तसेच राहील." अण्णांचा पहिला प्रश्न व्यापाऱ्याचाच होता. "पैसे न घेता देतात, तर त्यांचा धंदा कशावर चालतो?"

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला दुवा, फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहिला आणि सर्वांना खुला केला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू या नावाने मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला होता. दोन्हींच्या मेळातून आजची प्रणाली उभी राहिली. तिचा परवाना असा, की कुणीही ती वापरावी, आतून तपासावी, बदलावी, प्रती वाटाव्यात. मात्र बदललेली प्रत दुसऱ्याला दिली, तर हेच हक्क त्यालाही द्यावेत. मोठमोठ्या कंपन्यांचे कामकाज याच प्रणालीवर चालते, म्हणून त्या आपले अभियंते पगार देऊन या कामाला लावतात. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे २०१७ पासून लिनक्सवर चालतात, केरळच्या सरकारी शाळांतून मुले हीच प्रणाली शिकतात आणि अण्णांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे. शेवटची गोष्ट ऐकल्यावर अण्णांनी फोन उलटसुलट करून पाहिला. ज्याच्याशी दहा वर्षे नकळत व्यवहार झाला, त्याची ओळख करून घ्यायला हरकत नाही, असे त्यांचे मत पडले.

पेनड्राइव्हला हात लावण्यापूर्वी अण्णांनी एक कोरा कागद घेतला. या संगणकावर आपण नेमके काय काय करतो, हे ते आठवडाभर टिपत राहिले. मग त्या यादीचे तीन भाग पडले. ब्राउझरमधून होणारी कामे पहिल्या भागात आली: बँक, तिकिटे, ई-मेल, जीएसटीचे संकेतस्थळ, संगणकावरचे व्हॉट्सॲप. ती कोणत्याही प्रणालीवर सारखीच चालतात. दुसऱ्या भागात फायली आल्या: पत्रे, तक्ते, छायाचित्रे. त्या उघडणारा प्रोग्रॅम मिळाला की काम भागते. तिसऱ्या भागात केवळ विंडोजसाठी बनलेल्या गोष्टी राहिल्या: हिशेबाची टॅली, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, एक जुना लेझर प्रिंटर. यादी पूर्ण झाल्यावर दिसले, की अण्णांच्या कामांपैकी बहुतेक पहिल्या दोन भागांतच मोडतात आणि टॅली व टोकन दिवाणजींकडे आधीपासूनच आहेत. नवशिक्याने लिनक्सकडे जाण्यापूर्वी एवढा एक कागद लिहिला, तरी पुढची निम्मी फजिती टळते.

मग प्रती काढल्या गेल्या. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर. प्रत काढली म्हणजे झाले, असे समजण्याची चूक पुष्कळांकडून होते. येथे दोन्ही प्रती दिवाणजींच्या संगणकाला जोडून निरनिराळ्या वर्षांच्या फायली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या. रोकड हाती मोजल्याशिवाय शिल्लक लिहायची नाही, हा पेढीचा जुना दंडक येथेही पाळला गेला.

लिनक्स म्हणजे एकच वस्तू नसते. एकाच गाभ्याभोवती बांधलेल्या शेकडो आवृत्त्या आहेत आणि नवशिका तेथेच अडखळतो. सुनेने लिनक्स मिंट निवडली. २००६ पासून चालत आलेली ही आवृत्ती विंडोजची सवय असलेल्यांना परकी वाटत नाही: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. तिच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. मिंटचीही रूपे तीन. त्यांपैकी एक्सएफसीई हे सर्वांत हलके म्हणून चार जीबीच्या यंत्रासाठी ते घेतले. सुमारे तीन जीबीची फाइल मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवली. तिच्यासोबत चौसष्ट अक्षर-अंकांची एक खूण प्रसिद्ध केलेली असते. उतरवलेल्या फाइलीवरून संगणक तशीच खूण काढून देतो आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या, म्हणजे फाइल अर्धवट किंवा भेसळीची नाही हे कळते. बँकेत धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. सून एकेक अक्षर वाचत गेली आणि अण्णा पेन्सिलीने खुणा करीत गेले.

ही फाइल पेनड्राइव्हवर साध्या नकलेने ठेवून भागत नाही. एका छोट्या प्रोग्रॅमने ती अशी उतरवावी लागते, की संगणक तीवरून सुरू होऊ शकेल. त्या पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही पुसले जाते, म्हणून तो रिकामाच घ्यावा. संगणक सुरू होताना ठरावीक कळ दाबून पेनड्राइव्हची निवड केली, की डिस्कला स्पर्श न करता सारी प्रणाली पडद्यावर येते. भाड्याने घर घेण्यापूर्वी चार दिवस राहून पाहण्याची मुभा मिळावी, तशी ही सोय आहे. पेनड्राइव्हवरून चालताना वेग कमी असतो आणि संगणक बंद करताच केलेले काम पुसले जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अण्णांनी चार दिवस हीच परीक्षा घेतली. इंटरनेट जोडले गेले, आवाज आला, बँकेचे संकेतस्थळ उघडले. नवा रंगीत प्रिंटर आपोआप ओळखला गेला. जुना लेझर प्रिंटर मात्र काही केल्या हलेना, कारण त्याला लागणारा चालक-प्रोग्रॅम या नव्या प्रणालीवर बसेना. ही उणीव प्रणाली कायम बसवण्यापूर्वीच कळली, हे बरे झाले. लेझर प्रिंटर दिवाणजींच्या टेबलावर गेला.

प्रत्यक्ष बसवताना दोन वाटा पुढे येतात: जुन्या प्रणालीच्या शेजारी नवी बसवणे, किंवा डिस्क पुसून नवीच ठेवणे. पहिलीत डिस्कची वाटणी करावी लागते आणि दुसरीत मागे फिरता येत नाही. अण्णांनी तिसरी वाट काढली. जुनी हार्ड डिस्क यंत्रातून काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवली आणि तिच्या जागी २४० जीबीची नवी एसएसडी बसवली. तिचा खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ होता. यंत्राचा मंदपणा मुख्यतः जुन्या डिस्कचा होता हेही त्यामुळे उघड झाले. भाषा, कळफलक, वेळेचा प्रदेश, नाव आणि परवलीचा शब्द एवढे विचारून अर्ध्या तासाच्या आत प्रणाली बसली. चहा येण्याआधी पडदा तयार होऊ लागला.

पहिले पंधरा दिवस सवयी मोडण्यात गेले. सी आणि डी अशी कप्प्यांची ओळख येथे नाही. आपल्या साऱ्या फायली 'होम' नावाच्या एका घरात असतात. इंग्रजी नावातील लहान आणि मोठे अक्षर येथे भिन्न मानले जाते, त्यामुळे एकाच पक्षाच्या नावाची दोन फोल्डरे होऊ शकतात. नवा प्रोग्रॅम हवा असला, तर कुठल्याही संकेतस्थळावरून न उतरवता मिंटच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावा लागतो आणि दर वेळी परवलीचा शब्द द्यावा लागतो. अण्णांना आरंभी याचा कंटाळा आला. पण मालकाच्या सहीशिवाय गोदामात माल उतरत नाही, हीच पद्धत त्यांच्या पेढीवर होती. टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची स्थिती ठरावीक दिवसांनी टिपून ठेवली जाते. एखादी दुरुस्ती अंगाशी आली, तर मागच्या स्थितीवर परतता येते. मात्र आपल्या फायलींची प्रत त्यात धरलेली नसते, ती वेगळी काढावीच लागते.

पत्रे आणि तक्ते यांसाठी लिबरऑफिस सोबतच येते. बहुतेक जुन्या वर्ड आणि एक्सेल फायली तीत नीट उघडल्या. काही पत्रांच्या ओळी पुढेमागे सरकल्या. मॅक्रो असलेले दोन तक्ते चालले नाहीत, ते दिवाणजींकडेच राहिले. मराठीसाठी कळफलकांच्या यादीतून इनस्क्रिप्ट जोडला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. तीन आठवड्यांत अण्णांचे बोट स्वतःहून ककाराकडे जाऊ लागले.

आणि मग एका रात्री त्यांनी दादांची फाइल उघडली.

दादा म्हणजे अण्णांचे दिवंगत थोरले बंधू. अखेरच्या आजारपणाआधी दोन वर्षे खपून त्यांनी कुळाची याद संगणकावर लिहून ठेवली होती. मूळ घराणे कोणत्या गावचे, कोण केव्हा सांगलीला आले, पहिले दुकान कुणी थाटले, कोणत्या साली ते बुडाले आणि कुणाच्या दागिन्यांवर पुन्हा उभे राहिले, लेकी कोणत्या गावी दिल्या, असा त्रेचाळीस पानांचा मजकूर. त्याची कागदावरची प्रत कुणाकडेही नव्हती. पडद्यावर आली ती इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे आणि मध्येच एखादा चौकोन. मराठीचा एक शब्द नाही. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि विचारले, "हे गेले का?"

मजकूर गेला नव्हता. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनाचे जे फॉन्ट चालत, ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवीत. फाइलीत साठवली जात ती इंग्रजी अक्षरेच. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रात असला की तीच मराठी दिसत. फॉन्ट नाही, तर मजकूर असूनही वाचता येत नाही. विंडोजवरही नवा संगणक घेतला असता, तर नेमके हेच घडले असते. कपाटातील जुनी डिस्क बाहेर निघाली. तिच्यावर दादांनी विकत घेतलेल्या पॅकेजचा फॉन्ट जागच्या जागी होता. तो नव्या यंत्रात बसवताच दादांची पहिली ओळ पडद्यावर उमटली.

त्यावर समाधान मानता आले असते. पण परगावच्या कुणा आप्ताने फोनवर ही फाइल उघडली, तर त्याला पुन्हा कंस आणि चौकोनच दिसणार होते. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे तो सांगलीत आणि सुरतेत, संगणकावर आणि फोनवर 'क'च राहतो. म्हणून सारा मजकूर रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये आणला. तो जसाच्या तसा उतरला नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट. त्यामुळे असंख्य शब्द मोडले होते. जवळजवळ महिनाभर रात्री जेवणानंतर अण्णा एकेक पान दुरुस्त करीत बसले. शंका आली की बार्शीला दिलेल्या अक्कांना फोन जाई. अक्कांनी वेलांट्यांबरोबर माहितीही दुरुस्त केली. एका आत्याचे माहेरचे नाव दादांनी लिहिलेच नव्हते, ते त्यांनी सांगितले आणि सदुसष्टच्या पडत्या काळात जिचे दागिने मोडले, ती हीच आत्या, हेही सांगितले. ती ओळ आता यादीत आहे.

या साऱ्या व्यवहाराचा ताळेबंद मांडायचा झाला, तर जमेच्या बाजूला अकरा वर्षांचे चालते यंत्र, कायदेशीर आणि परवान्याच्या खर्चावाचून मिळालेली प्रणाली, नियमित सुरक्षा-दुरुस्त्या आणि वेग आहे. नावे बाजूला एक प्रिंटर, दोन तक्ते आणि सवयी बदलण्याचे पंधरा-वीस दिवस आहेत. टॅली लिनक्ससाठी बनलेली नाही. वाईन या साधनाने विंडोजचे काही प्रोग्रॅम येथे चालतात हे खरे. पण पक्के हिशेब आणि स्वाक्षरीचे टोकन अशा तडजोडीवर सोपवू नयेत. ज्या पेढीत एकच संगणक आहे आणि त्यावरच ही कामे होतात, तिने घाई करू नये. जेथे दुसरे यंत्र केवळ जुने झाले म्हणून कोपऱ्यात पडले आहे, तेथे हा प्रयोग जरूर करावा. अनोळखी माणसाने सांगितलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये लिहू नये, एवढे पथ्य पाळावे.

आणि कोणतीही प्रणाली घेतली, तरी घरोघरी एक काम आजच करण्यासारखे आहे. वडीलधाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या जुन्या मराठी फायली शोधून उघडून पाहाव्यात. जुना संगणक भंगारात गेला की फॉन्टही जातो, आणि मग मजकूर असूनही वाचणारे यंत्र उरत नाही.

दादांची याद आता युनिकोडमध्ये आहे आणि तिची पीडीएफ प्रतही आहे. अण्णांनी ती बार्शी, सोलापूर, सुरत आणि बंगळूर येथे राहणाऱ्या आप्तांना पाठवली. प्रत्येकाला त्यांनी फोन करून एकच गोष्ट विचारली: "अक्षरे नीट दिसतात ना?" साऱ्यांकडून होकार आल्यावर त्यांनी छापील प्रत काढवून घेतली आणि ती पेढीच्या जुन्या वह्यांशेजारी ठेवली.